गाणं की नाचणं? छोट्या बँडचा साऊंड आणि तो देणारं जेल रोडचं दुकान

“गाना है कि नाचना है, बाबूजी?”

या दुकानात मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी इंदूरमधली तीन दुकानं मी पायाखाली घातली होती आणि तिन्हीकडे पहिला प्रश्न ‘बजेट किती’ हाच होता. आकडा सांगितला की त्यात कोंबता येतील तेवढे वॅट समोर येऊन पडायचे. एकानं पंधरा इंची जोडी लावून अशी घुमवली की बाहेर उभ्या स्कूटरचा अलार्म केकाटायला लागला, आणि तो माझ्याकडे ‘आता बोला’ अशा थाटात बघत राहिला. मी काय बोलणार? त्याचं दुकान दहा बाय वीसचं, आमचा हॉल चाळीस बाय ऐंशीचा, आणि आमच्यात नाचणारं कुणी नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकानंच बजावलंय, “लिखना मत, लोग सीधे डिस्काउंट माँगने आते हैं.” जेल रोडला मोबाइलवाल्यांची गर्दी ओलांडून आत वळलात की एका जिन्याखाली आहे. पाटी शिलाई मशीन दुरुस्तीची, कारण ती बदलायचा त्याला कंटाळा. बॉक्स आणि मिक्सरच्या कंपन्यांची नावंही टाळतोय. त्या किमतीत तीन-चार कंपन्यांचा माल उन्नीस-बीसच आहे आणि मला कुणाची एजन्सी मिळालेली नाही. मापं आणि किमती मात्र आमच्या बिलावर होत्या तशा लिहितो.

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं ट्रान्सफॉर्मर सांभाळले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आता मुलीच्या बँडचा साऊंडवाला झालो. ‘आमचा बँड आहे’ असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या आईनं अगदी मनापासून विचारलं होतं, “म्हणजे घोड्यापुढे वाजवणार?” तसला नाही. पाच जण आहेत. लेक गाते, गिटारवाला मागून सूर देतो, एक की-बोर्ड, एक तबला, आणि पाचवी निवेदिका, जी मधूनच दुसरा आवाजही देते. भावगीतं, जुनी हिंदी, थोडी त्यांची स्वतःची गाणी. रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरच्या पलीकडच्या सोसायट्यांत, गच्चीवरच्या कोजागरीला आणि बायपासच्या मॅरेज गार्डनांत हळदी-संगीताला. श्रोते ६० ते २००. त्याहून मोठ्या ठिकाणी बोलावणं आलं तर साऊंड बोलावणाऱ्यांचा असतो, आपण फक्त कुरकुर करायची.

आधी दर वेळी टेंटवाल्याचा साऊंड घ्यायचो. सहा-सात हजार भाडं, सोबत एक ऑपरेटर, जो ‘चेक, चेक, वन टू’ झालं की जेवायला जायचा तो भैरवीला परत यायचा. एको एवढा मारलेला असायचा की निवेदिकेनं एकदा नमस्कार केला की तीन ऐकू यायचे. मुलांच्या हातात मानधन म्हणून जे पडायचं त्यातलं निम्मं तिकडेच जायचं. म्हणून ठरलं, आपलं घ्यायचं. मुलांनी मिळून पन्नास हजार काढले, एक लाख मी घातले. उधार म्हणून. दीड वर्षात त्यातले चाळीस परत आलेत, उरलेल्यांबद्दल घरात कुणी बोलत नाही.

तर ‘गाणं’ असं उत्तर दिल्यावर मालकानं जुन्या बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं. लोक बसलेले की फिरते? छत की मोकळं? एका वेळी जास्तीत जास्त किती तोंडं आणि किती वाद्यं? त्यानं मोजलं: गाण्याचे तीन माईक, तबल्याला दोन, गिटार एक, की-बोर्ड एक. सात. “आठ का मिक्सर लो. आठवाँ खाली रखना. कोई न कोई फूफाजी गाएँगे ही.” पुढच्या दीड वर्षात हा आठवा चॅनल किती वेळा कामी आला ते सांगत नाही. आमच्याकडे फूफाजींच्या जागी मुलीचे मामेसासरे म्हणा किंवा सोसायटीचे सेक्रेटरी.

बिल असं झालं. दहा इंची, आतच अँप्लिफायर असलेल्या बॉक्सची जोडी ६२,०००. आठ माईक लागतील असा, इफेक्ट असलेला साधा अ‍ॅनलॉग मिक्सर २४,०००. गाण्याचे तीन माईक २७,०००. तबल्याचे दोन १२,०००. डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायचे) दोन, ५,०००. सगळे स्टँड ११,०००. केबली ९,०००. एकूण दीड लाख. त्यानं लिहिलेल्या कागदावर आणखी एक ओळ होती, ‘मॉनिटर १, १९,०००’, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा बॉक्स. ती मी खोडली. चौतीस वर्षं एस्टिमेट कापण्यात गेलेली, हात आपोआप चालतो. तो एवढंच म्हणाला, “आप मालिक हैं.” या खोडलेल्या ओळीकडे मी परत येणार आहे.

या दुकानाला मी जे काही मार्क देतोय त्यातले निम्मे एका गोष्टीसाठी. पाच हजार अनामत ठेवून त्यानं अख्खा सेट एका संध्याकाळसाठी रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये न्यायला दिला. दुकानात ऐकून काही कळत नाही, हे विकणाऱ्यानं स्वतः म्हणायला छातीच लागते. हॉलमध्ये लावल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की दहा इंची जोडी पुरून उरते. गिटारवाल्याचा चेहरा पडला होता, त्याला पंधरा इंची हवी होती. तरुण माणसाला बॉक्सची उंची आणि बँडची उंची एकच वाटते.

बॉक्सच्या पाठीवर स्टिकर आहे, १००० वॅट. कार्यक्रम ऐन रंगात असताना मी एका बॉक्सच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावला. ०.४ अँपियर. म्हणजे भिंतीतून येत होते जेमतेम नव्वद वॅट, आणि मागच्या रांगेतल्या आजी मान डोलवत होत्या. स्टिकरवरचा आकडा क्षणभराच्या कमाल उसळीचा असतो, तो काही सतत चालत नसतो. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, कानाला ‘थोडा मोठा झाला बहुतेक’ असं वाटण्याइतकाच. ऐकणाऱ्याला दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट साधारण दहापट लागतात. उलट मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. तेव्हा पैसे वॅटवर घालण्याऐवजी बॉक्स उचलून स्टँडवर चढवा. भोंगा बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून, साधारण सात फुटांवर गेला की पहिल्या रांगेचे कान वाचतात आणि शेवटच्या रांगेला शब्द मिळतात. टेबलावर ठेवलेला बॉक्स फक्त पहिल्या रांगेच्या पोटात वाजतो.

शब्द मिळणं म्हणजे काय हे मला खरं तर आमच्या गल्लीत येणाऱ्या कचरागाडीनं शिकवलं. सकाळी तिचं गाणं दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येतं आणि प्रत्येक शब्द कळतो. त्या भोंग्यात ना बेस, ना गोडवा. पण माणसाच्या बोलण्यातली क-च-ट-तची धार ज्या पट्टीत असते, हजार ते चार हजार हर्ट्‌झच्या आसपास, तेवढंच तो भोंगा जीव तोडून फेकतो. टेंटवाल्याच्या साऊंडमध्ये नेमकं उलट असतं: खाली धमधम, वर सूं सूं, मधला माणूस गायब. मी मिक्सरवर लेकीच्या आवाजातला खालचा गढूळपणा, तीनशे हर्ट्‌झच्या आसपासचा, थोडा कमी करतो आणि मधल्या पट्टीला हात लावत नाही. एको नावाला. एवढ्यावर लोक विचारतात, “कुठला सेट आहे हो? शब्द न् शब्द कळला.”

बॉक्सबद्दल अजून थोडं. एकाचं वजन तेरा किलो. माझं वय बासष्ट. दोन्ही आमच्या अल्टोच्या मागच्या सीटवर मावतात, स्टँड पुढच्या सीटवरून आडवे, मिक्सर लेकीच्या मांडीवर. माझ्या मते छोट्या बँडचा साऊंड घेताना दुकानात टेप घेऊन जायची ती गाडीचं माप घेऊन. खोड्या दोन आहेत. पुढच्या जाळीवर एक निळा दिवा आहे, तो अंधाऱ्या हॉलमध्ये थेट श्रोत्यांच्या डोळ्यांत जातो. त्यावर मी पहिल्याच आठवड्यात काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. दुसरी, पाठीमागे ‘म्युझिक, स्पीच, लाइव्ह’ असं बटण आहे आणि ते अशा जागी आहे की केबल लावताना हमखास दाबलं जातं. एका कार्यक्रमात डावा बॉक्स एका सुरात आणि उजवा दुसऱ्या स्वभावात वाजत होता. अर्धा तास मी मिक्सरशी भांडत बसलो.

माईक मात्र नावानिशी सांगतो: शुअर एसएम ५८. १९६६ सालापासून तोच माईक बनतोय आणि का ते कळतं. आमचा एक कोटा फरशीवर तोंडावर आपटला, जाळी चेपली, आवाजात तसूभर फरक नाही. बाजारात याच्या नकला मात्र भरपूर, डब्यासकट. अस्सल माईकचं वजन २९८ ग्रॅम. घरी आणल्यावर मी तिन्ही माईक बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवले, तेव्हा ती म्हणाली, “आता पोहेही मोजून खा.” तिन्ही बरोबर निघाले. बिनबटणाचे घ्या. बटणवाला घेतला की निवेदिका टाळ्यांच्या वेळी बंद करते, पुढचं निवेदन अर्धं होऊन जातं आणि सगळा हॉल मान वळवून माझ्याकडे बघतो.

आता खोडलेली ओळ.

पहिला खरा कार्यक्रम गणपतीतला, एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये. गुळगुळीत टाइल्स, तीन बाजूंनी काच, वर पीओपी. मी बॉक्स बँडच्या पुढे, दोन्ही कोपऱ्यांत लावले होते. बँडला स्वतःचं काही ऐकू येईना. गिटारवाल्यानं मला न विचारता दोन्ही बॉक्स चार फूट मागे सरकवून थोडे आत वळवले. झालं. बॉक्समधला आवाज माईकमध्ये शिरला, मोठा होऊन बॉक्समधून निघाला, परत माईकमध्ये. सावकाराच्या व्याजासारखं, हप्ता भरायच्या आत मुद्दल वाढलेलं. अशी शिट्टी उठली की लहान मुलांनी कान झाकले आणि एका आजोबांनी मशीन कानातून काढून खिशात टाकलं. मी आवाज उतरवला. शिट्टी थांबली, पण आता लेकीला स्वतःचा सूर मिळेना. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात तिनं डोळे मिटले आणि डाव्या कानात बोट घातलं.

गाणाऱ्यांच्या घरात नसलेल्यांना सांगतो, कानात बोट घातलं की बाहेरचा गलबला कमी होतो आणि स्वतःचा आवाज हाडांतून ऐकू येतो. जुन्या गवयांची जुनी युक्ती. पण ती बैठकीत आकारासाठी घालते तसं हे नव्हतं. दीड लाखांचं सामान मांडून बसलोय, आणि मुलगी आपला आवाज आपल्याच कवटीत शोधतेय, हे मी मिक्सरमागून बघत होतो. षड्ज जरा वर चढला. तिला कळलं. मला कळलं. तबलेवाल्यानं समेवर मान खाली घातली. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, श्रोते चांगलेच असतात.

घरी येताना गाडीत ती काही बोलली नाही. कलेक्टोरेटच्या सिग्नलला म्हणाली, “बाबा, तुम्ही लोकांना छान ऐकवलंत. आम्हालाही थोडं ऐकवा ना.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी दुकानात. मालकानं काही विचारलं नाही. जिन्याखालून एक पाचरीसारखा तिरपा बॉक्स ओढून काढला, त्यावर खडूनं आमचं आडनाव लिहिलेलं होतं. “रख दिया था,” म्हणाला. एकोणीस हजार, एक रुपया कमी नाही. मला तेव्हा भाव करायचं तोंडही नव्हतं.

मॉनिटर लावायला त्यानं जे शिकवलं ते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा सरस होतं. एसएम ५८ पुढून ऐकतो आणि शेपटीकडून जवळजवळ बहिरा असतो. म्हणून मॉनिटर बरोबर माईकच्या शेपटीसमोर, गाणाऱ्याच्या पुढ्यात जमिनीवर, तोंड तिच्या चेहऱ्याकडे. काही माईक असे असतात की ते शेपटीशी थोडं ऐकतात आणि तिरप्या मागच्या बाजूंना बहिरे असतात, तिथे मॉनिटर जरा कडेला सरकवावा लागतो. आपला कुठला आहे ते डब्यातल्या कागदावर नकाशा काढून दिलेलं असतं, तो कागद फेकू नका. आणि माईक मुठीत जाळीसकट धरायचा नाही, तसा धरला की त्याचा बहिरेपणा जातो आणि तो चारी दिशांनी ऐकायला लागतो. सिनेमात बघून तसं धरणारे गायक आठव्या चॅनलवर हमखास येतात.

मिक्सरवर मॉनिटरची वेगळी उभी ओळ असते, ऑक्स. तिथलं ‘प्री’ बटण दाबलेलं हवं. म्हणजे मी हॉलचा आवाज कमी-जास्त केला तरी लेकीच्या पुढ्यातला आवाज हलत नाही. हे बटण मी पहिल्या दिवशी दाबलं नव्हतं, आणि मी तिच्या चॅनलची पट्टी खाली केली की ती बिचारी वर चढायची. लोक यायच्या आधी मॉनिटर हळूहळू वाढवत न्यायचा, कुई सुरू झाली की ग्राफिक इक्वलायझरच्या सात पट्ट्यांपैकी दोषी पट्टी शोधून तिला थोडं दाबायचं, मग एकूण आवाज दोन बोटं खाली. त्या काचेच्या क्लब हाऊसमध्ये दोषी निघते ती अडीच हजार हर्ट्‌झची पट्टी, दर वेळी. लोक भरले की हॉल आपोआप शांत होतो, माणसं आणि त्यांच्या साड्या-शाली आवाज पितात. रिकाम्या हॉलमध्ये जरा कर्कश वाटलं तर घाबरू नये.

आता लेक मॉनिटरमध्ये फक्त स्वतःचा आवाज, तानपुरा आणि चिमूटभर तबला मागते. गिटारवाल्याला त्यात गिटार हवी असते. ते भांडण मी त्यांच्यात ठेवलंय.

तबल्याबद्दल माझी स्वतःची एक चूक. प्रत्येक चॅनलवर एक ‘लो कट’ बटण असतं, ते ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं छाटतं. गाण्याच्या माईकवर ते असावंच, पावलांची धपधप आणि श्वासाचे भपकारे जातात. मी उत्साहाच्या भरात ओळीनं सगळी दाबली. पहिलं गाणं संपल्यावर तबलेवाला वाकून म्हणाला, “काका, माझा डग्गा कुठे गेला?” खरंच गेला होता. नुसता कडकड वाजत होता, घुमारा आणि मनगटाची घसीट दोन्ही छाटली गेली होती. बटण सोडलं आणि डग्गा परत आला. दायां आणि डग्ग्याचे माईक हातभर अंतरावरून न लावता चार बोटांवर लावले तर शेजारच्या वाद्याची घुसखोरीही कमी होते.

विजेच्या बाबतीत मला दुकानदाराचं काही शिकायचं नव्हतं, पण तिथेही एक सांगण्यासारखं आहे. बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये की-बोर्ड लावला की भणभण सुरू व्हायची. मंडपवाल्याचा पोरगा चटकन पुढे आला, “अंकल, तीन पिन में से बड़ी वाली तोड़ दो, हम तो तोड़ देते हैं.” माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही. अर्थिंगची पिन तोडली की भणभण जाते, आणि एखाद्या दिवशी ओठ माईकला लावलेला गाणारा पण जातो. भणभणीचा इलाज अडीच हजारांच्या डीआय बॉक्समध्ये आहे. की-बोर्ड त्यातून न्यायचा, त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबायचं, सिग्नलचं वर्तुळ तुटतं आणि उपकरणांची अर्थिंग शाबूत राहते. आवाजाचं सगळं सामान एकाच बोर्डावर, लायटिंगवाले दुसरीकडे. मी कुठेही गेलो की आधी मल्टिमीटर काढतो, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात काय आहे ते बघतो. एक-दोन व्होल्ट असले तर चालतं. एका ठिकाणी अठरा आले. मी लाइन बदलेपर्यंत एक वायर लावली नाही, आणि नवऱ्या मुलाचे काका तासभर माझ्याभोवती घिरट्या घालत होते. लावू दे घिरट्या.

चालू करताना मिक्सर आधी, बॉक्स शेवटी. बंद करताना उलट. नाहीतर जो ‘धप्प’ होतो त्यानं बॉक्सचा भोंगा एक दिवस फाटतो. तानपुरा फोनवर वाजतो, तो ईपी पिनच्या, म्हणजे हेडफोनच्या बारीक पिनच्या, वायरनं जोडायचा आणि फोन विमान मोडवर. हे न केल्यामुळे एकदा भर अंतऱ्यात लोनसाठी फोन आला आणि त्याची रिंगटोन दहा इंची जोडीवर सगळ्या लोकमान्य नगरानं ऐकली.

हॉलमध्ये नेहमी येणारे एक पंचाहत्तरीचे काका आहेत, त्यांना कुठलाच साऊंड आवडत नाही. तरुणपणी त्यांनी अमीर खाँसाहेबांना इंदुरात ऐकलेलं, त्यामुळे बाकी सगळं त्यांच्या लेखी आरडाओरडा. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, खाँसाहेबांचं ते मंद्रातलं संथ गाणं मागच्या रांगेला पोचवायला माईक लागलाच असणार की. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लागला असेल. पण दिसला नाही.” मॉनिटर आल्यापासून मी हॉलचा आवाज उतरवू शकलो, कारण मुलांना आता स्वतःला ऐकण्यासाठी मोठा आवाज लागत नाही. गेल्या कोजागरीला काका शेवटपर्यंत बसले. दुधासाठी बसले असं त्यांचं म्हणणं.

कमी आवाजाचा दुसरा फायदा आमच्या शेजाऱ्यांना. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे मोकळ्यावर रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे साध्या गप्पांहून थोडी कमीच. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, जे वाजतं त्यापुढे आमचं काही नाही, पण गच्चीवरच्या कार्यक्रमात पावणेदहाला मी स्वतःच घड्याळ दाखवतो. भैरवी वेळेत संपली की सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, जायलाही वेळ उरतो.

दुकानाबद्दल तक्रारीही आहेत. मालक सकाळी अकराच्या आत येत नाही, मंगळवारी येईलच असं नाही, आणि फोन उचलणं हे त्याला कमीपणाचं वाटत असावं. बिल मागितल्याशिवाय पक्कं मिळत नाही, मी मागितलं, जीएसटीसकट घेतलं, कारण वॉरंटी त्याच कागदावर चालते. केबलीत मात्र त्याचा हात जरा सैल आहे. नऊ हजारांच्या केबलींपैकी दोन कॅननच्या (माईकच्या तीन पिनांच्या) केबली चार महिन्यांत कडकड करायला लागल्या. उघडून बघितल्या तर सोल्डरचा डाग कोरडा, टाकल्यासारखा. मी स्वतः डाग मारले, आता मजबूत आहेत. त्याला दाखवलं तर म्हणाला, “अरे वा, आप तो कारीगर निकले,” आणि विषय तिथेच संपवला. स्टँडपैकी एकाची कळ ढिली आहे, बॉक्स चढवला की अर्धा इंच खाली बसतो, म्हणून त्याच्या दांड्यात मी आडवी खिळी घालतो. ज्याला हातानं काम येत नाही त्यानं केबली आणि स्टँड दुसरीकडून घ्यावेत, बॉक्स-माईक-मिक्सर इथून.

आणि कव्हरं. बॉक्सच्या जोडीवर जाड कापडाची कव्हरं फुकट, असं त्यानं त्याच जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून दिलं होतं. दीड वर्ष झालं. प्रत्येक वेळी “अगले हफ्ते, बाबूजी.” तो कागद मी जपून ठेवलाय. तूर्त बॉक्स बायकोच्या जुन्या दोन गोधड्यांत गुंडाळून जातात, आणि हॉलमध्ये उलगडताना नॅप्थलीनचा वास पहिल्या रांगेपर्यंत जातो. या बुधवारी अकरानंतर परत जाऊन येतो.